याचा फॅन कोन चालवते?

जमिनीखाली राहायचं म्हटलं की पहिला प्रश्न हवेचा. छत बसेल का, पाणी शिरेल का, हे सगळं त्यानंतर. चंद्रपूर-बल्लारपूर पट्ट्यातल्या भूमिगत कोळसा खाणींमध्ये माझी सगळी नोकरी गेली, त्यातली शेवटची बरीच वर्षं व्हेंटिलेशन सांभाळण्यात. त्यामुळे कुठलंही भोक दिसलं की हवा कुठून आत जाते आणि कुठून बाहेर पडते हे आधी बघायचं, ही खोड अंगात मुरली आहे. लग्नाच्या हॉलमध्ये गेलो तरी माझी नजर पहिल्यांदा एक्झॉस्टवर जाते. हिला त्याचा वैताग येतो.

लेक अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हरच्या उत्तरेला राहते. तिच्याकडे गेलो की किराणा आणायला ज्या मोठ्या दुकानात जातो, त्याच्या पार्किंगला लागून एक रिकामा प्लॉट आहे. तारेचं कुंपण, चरून चरून जमिनीला टेकलेलं गवत, जागोजागी बिळांच्या तोंडांभोवती मातीचे ढीग आणि त्या ढिगांवर मागच्या पायांवर ताठ उभे राहिलेले प्रेअरी डॉग. नावात डॉग असला तरी हा खारीच्या कुळातला प्राणी. किलोभर वजन, मातकट अंग, आखूड शेपटी आणि शेपटीचं टोक काळं. तिथल्या लोकांना त्यांचं काहीच अप्रूप नाही. गाडी लावतात, सामान भरतात, निघून जातात. मी मात्र कुंपणाला नाक लावून उभा.

ढीग दोन प्रकारचे होते. काही बसके, पसरट, उकरलेली माती नुसती लोटून दिल्यासारखे. काही उंच, निमुळते, वर धारदार काठ असलेले. ही माती लोटलेली नव्हती, रचून चोपलेली होती. त्यातले मोठे माझ्या मांडीएवढे उंच. पाण्याचा लोंढा आत येऊ नये म्हणून काठ करतात, हे तर कोणीही सांगेल. पण मग सगळीच तोंडं उंच का नाहीत? एक बसकं आणि एक उंच, असं का? मी पार्किंगमध्ये उभा राहून लेकीला म्हटलं, ‘हा इनटेक आहे आणि तो रिटर्न.’ म्हणजे एक हवा आत यायची वाट, दुसरी बाहेर जायची. ती म्हणाली, ‘बाबा, आइस्क्रीम वितळतंय.’

घरी येऊन वाचत बसलो. स्टीव्हन व्होगेल नावाचे शास्त्रज्ञ आणि त्यांचे दोन सहकारी यांनी १९७३ सालीच हे मोजून छापलेलं आहे. जमिनीला अगदी लागून वाहणारा वारा घासला जातो, मंदावतो. हातभर वर तोच वारा जास्त वेगाने जातो. जिथे वेग जास्त तिथे दाब कमी, आणि धारदार काठामुळे हवेची ओढ आणखी वाढते. म्हणजे उंच तोंड हवा बाहेर खेचतं आणि तिची जागा भरायला बसक्या तोंडातून ताजी हवा आत येते. वारा कोणत्याही दिशेचा असो, फरक उंचीचा असल्यामुळे प्रवाह उलटत नाही. सेकंदाला ४० सेंटिमीटर, म्हणजे गालाला जेमतेम जाणवेल इतकी झुळूक असली तरी अख्ख्या बिळातली हवा साधारण १० मिनिटांत बदलते, असा त्यांचा हिशेब.

बिळं साधारण ५ ते १० मीटर लांब आणि २ ते ३ मीटर खोल असतात. ३० मीटरच्या वर गेलेलंही सापडलं आहे. व्यास वीतभरही नाही. अशा नळीत मधोमध चार-पाच जीव झोपलेले, आणि फक्त एकच तोंड उघडं, अशी कल्पना करून बघा. आमच्याकडे भूमिगत खाणीला किमान दोन वाटा हव्यात हा कायदाच आहे, आणि तो कायदा लिहिला जाण्याआधी किती माणसं गेली तेही आम्हाला शिकवलं जायचं.

मी दोन्ही ढिगांचे फोटो आमच्या जुन्या सरदाराला पाठवले. (सरदार म्हणजे खाणीतला; गॅस तपासणारा, छत ठोकून आवाजावरून ओळखणारा.) बाण काढून दिले, इथून आत, इथून बाहेर. त्याचं उत्तर आलं, ‘साहेब, सारं ठीक हाय, पन याचा फॅन कोन चालवते?’ मी लिहिलं, ‘वारा चालवते रे बापा, आन् लाइटचं बिल बी येत नाही.’ त्यावर त्याने अंगठा पाठवला. मग थोड्या वेळाने पुन्हा, ‘वारा पडला तर?’

प्रश्न बरोबर होता. आमचा फॅन बंद पडला की माणसं बाहेर काढावी लागत. पण या माळावर वारा पडणं म्हणजे काय हे मी फारसं पाहिलेलं नाही. पूर्वेला मैलोन्‌मैल सपाट, पश्चिमेला रॉकी पर्वत, आणि टोपी सांभाळत चालावं लागतं. जो प्राणी या जमिनीत लाखो वर्षं खणतो आहे, त्याने आपला फॅन बघूनच निवडला असणार. एका तोंडाशी उदबत्ती धरून धूर आत जातो का ते बघायची माझी फार इच्छा होती. लेकीने सक्त मनाई केली. सुकं गवत, वारा आणि कुंपणाशी उदबत्ती घेऊन उभा असलेला भारतीय म्हातारा. पोलिसांना फोन जायला दोन मिनिटं लागली नसती.

पाऊस पडून गेला की मात्र जाऊन बघाच. ओली माती हीच त्यांची बांधकामाची वेळ. आजूबाजूची माती, गवताच्या मुळांसकट, पायांनी काठाकडे ओढतात आणि नाकाने, कपाळाने चोपून बसवतात. जवळून पाहिलं तर काठावर आतल्या बाजूने नाकांचे ठसे दिसतात. आत खाली झोपायची खोली असते, सुक्या गवताने भरलेली. तोंडाच्या थोडं आत एक खोबण असते, तिथे बसून वर काय चाललंय याचा कानोसा घेतात. काळ्या शेपटीची ही जात हिवाळाभर झोपून राहत नाही. बर्फातही उन्हाचा तुकडा मिळाला की वर येते. पांढऱ्या शेपटीचे आणि आणखी काही भाऊबंद मात्र महिनोन्‌महिने झोपतात.

आता घरातल्या माणसांकडे, म्हणजे त्या घरातल्या. एका कुटुंबात साधारण एक मोठा नर, तीन-चार माद्या आणि त्यांची एक-दोन वर्षांची पोरं. प्रत्येक कुटुंबाची हद्द ठरलेली, एकरापेक्षा थोडी कमी. शेजारच्या कुटुंबाचं कोणी आत आलं की पाठलाग. जॉन किंग या अभ्यासकाने १९४८ पासून साउथ डकोटातल्या विंड केव्ह नॅशनल पार्कमध्ये हे बघायला सुरुवात केली, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आतले जीव मरतात, नवे येतात, पण हद्दी तशाच राहतात. सातबारा नाही, मोजणी नाही, तरी बांध एक फूटही सरकत नाही. आमच्या गावात हे कोणाला सांगू नका.

घरच्यांची ओळख तोंडाला तोंड लावून पटवतात. दोघे समोरासमोर येतात, जमिनीशी दबतात, दात उघडे करून तोंडाला तोंड लावतात. घरचा निघाला तर अंग चाटणं, बाजूला बसून चरणं. परका निघाला तर मारामारी. लांबून बघणाऱ्याला सगळी मुकेच वाटतात, आणि पार्किंगमधल्या पोरी ‘ऑ’ करून फोटो काढतात.

घर बायकांचं असतं. मुली जन्मल्या त्याच कुटुंबात राहतात, आई, मावश्या, बहिणी यांच्यात, आणि बहुतेक तिथेच मरतात. मुलगे साधारण दुसऱ्या वर्षी बाहेर पडतात. बापही कायमचा नाही. मुली वयात यायच्या सुमारास तो बहुधा दुसरं कुटुंब गाठतो. त्यामुळे बाप-लेकीचा संबंध टळतो. हे मी जेवताना सांगितलं तर ही म्हणाली, ‘म्हणजे सगळ्या पोरी माहेरी आणि जावई येऊन-जाऊन. बरं आहे की.’ जावईबापू पानात बघत राहिले.

इथे थांबलो असतो तर छान कौटुंबिक लेख झाला असता. पण जॉन हूगलंड नावाच्या माणसाने त्याच विंड केव्हमध्ये १९७५ पासून वर्षानुवर्षं टॉवरवर बसून, प्रत्येक प्राण्याच्या अंगावर रंगाने खूण करून जे पाहिलं, ते वाचून माझी झोप उडाली.

मादी वर्षातून फक्त एक दिवस, तोही काही तासच, माजावर असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये. महिन्याभराने, ३४-३५ दिवसांनी, पिल्लं होतात, बहुधा तीनेक. ती पुढे सहाएक आठवडे बिळातच, आंधळी, उघडी, आईच्या दुधावर. या काळात प्रत्येक आई आपलं बीळ वेगळं धरते आणि बहिणीलाही दारात उभं करत नाही. का, ते हूगलंडना कळायला काही वर्षं लागली. आई चरायला बाहेर गेली की तिचीच बहीण, कधी तिचीच मुलगी, कधी तिचीच आई त्या बिळात शिरते आणि पिल्लं मारते. मारणारी स्वतःही पाजती असते. वर येते तेव्हा तोंडाला रक्त, पंजे चाटत असते. सगळ्या प्रकारच्या अशा हल्ल्यांत मिळून ३९ टक्के वेतांतली काही किंवा सगळी पिल्लं जातात.

कारणं सांगितली जातात ती अशी. पाजतीला मांस मिळतं. गवताला वाटेकरी कमी होतात. आणि जिची पिल्लं गेली ती मग आपल्या पिल्लांवर उठत नाही. रिकाम्या मादीची मारायची प्रवृत्ती उतरते. तिसरं कारण वाचून मी पुस्तक मिटून अंगणात गेलो.

आणि मग मे-जून येतो. वाचलेली पिल्लं पहिल्यांदा वर येतात, सगळ्या बिळांमधली, काही दिवसांच्या अंतराने. त्या दिवसापासून तीच घरं, त्याच बायका, एकमेकींची पोरं पाजतात. कोणाचं कोण हे बघत नाहीत. रात्री पोरं कोणत्याही बिळात झोपतात. आमच्या पार्किंगच्या प्लॉटमध्ये मी हे डोळ्यांनी पाहिलं; एकीच्या पोटाशी इतकी गर्दी की सगळी तिची असणं शक्यच नव्हतं. या दोन्ही गोष्टींमधलं अंतर दोन महिन्यांचंसुद्धा नाही. मला याचा अर्थ लावता येत नाही, आणि माणसांच्या घरांची उदाहरणं देऊन तो लावायचा मोह मी टाळतो आहे. प्रत्येकाला आपापली भाऊबंदकी आठवेलच.

एवढं होऊनही नातलग लागतातच. हूगलंड यांनीच २०१३ साली तीन जातींवरचा ३१ वर्षांचा हिशेब मांडला: मादी घर सोडते ती घरात फार नातलग आहेत म्हणून नाही, तर आई, बहिणी असं कोणीच उरलं नाही म्हणून. त्याआधीचा त्यांचा एक प्रयोग मला फार आवडतो. बॅजर हा बिळं उकरणारा मांसाहारी प्राणी यांचा शत्रू. पेंढा भरलेला बॅजर घसरगाडीवर ठेवून दोरीने वसाहतीतून ओढत न्यायचा आणि कोण ओरडतो ते लिहायचं. ज्यांचे रक्ताचे नातलग जवळ आहेत ते जास्त ओरडतात, बाकीचे गप्प राहतात. एवढा शिकलेला माणूस माळावर मेलेला बॅजर ओढत बसलाय, हे चित्र बघायला मी पैसे दिले असते.

आणखी एक ओरडणं आहे, ते संकटाचं नव्हे. एकजण अचानक पुढचे पाय वर फेकतो, मान मागे टाकतो आणि ‘यीप’ करतो; जोर जास्त झाला तर मागे पडतो. लगेच शेजारचा, त्याच्या शेजारचा, अशी लाट प्लॉटभर जाते. २०१४ च्या एका अभ्यासानुसार, सुरुवात करणारा याच्यातून शेजारी जागे आहेत का हे तपासतो. उत्तरं भरपूर आली तर तो निवांत चरतो, कमी आली तर स्वतः पहारा देतो. नातवाने याची नक्कल उत्तम बसवली आहे. व्हिडिओ कॉलवर तो ‘यीप’ करतो आणि मी इकडे चंद्रपूरला करतो. शेजाऱ्यांना सवय झाली आहे.

विंड केव्ह इतक्यांदा वाचल्यावर जाणं भागच होतं. डेन्व्हरहून गाडीने जवळजवळ अख्खा दिवस. तिथली गुहाच श्वास घेते: बाहेरचा हवेचा दाब चढला की भोकातून वारा आत, उतरला की बाहेर. रेंजर बाईंनी रिबीन धरून दाखवली, ती फडफडत बाहेर आली. लाकोटा लोकांच्या कथेत माणसं याच भोकातून जमिनीवर आली. मला आमच्या खाणीतला बॅरोमीटर आठवला. दाब उतरतोय असं दिसलं की जुन्या, बंद केलेल्या भागातला गॅस बाहेर झिरपणार, म्हणून आम्ही आधी तिकडे धावायचो. बाहेर माळावर गवे (आपले नव्हेत, अमेरिकेतले बायसन) आणि प्रेअरी डॉग एकाच गवतावर. गव्यांना वसाहतीच्या कडेचं कोवळं, पुन्हा फुटलेलं गवत आवडतं.

या माळावर आता जे दिसतं ते उरलंसुरलं आहे. १९०० च्या सुमारास टेक्ससमधली एकच वसाहत २५,००० चौरस मैल पसरलेली होती आणि तिच्यात ४० कोटी प्राणी असावेत, असा तेव्हाचा सरकारी अंदाज. मग गुरंवाल्यांनी आणि सरकारने मिळून विष घातलं, विसाव्या शतकात जवळपास सगळं साफ केलं. आजही बिल्डरला प्लॉट मोकळा हवा असेल तर अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या टाकतात, आपल्याकडे धान्याला लावतात त्याच. गोळी टाकायची आणि सगळी तोंडं मातीने बुजवायची. खाणीत काम केलेल्या माणसाला यापुढे वाचवत नाही.

दुसरा मारेकरी आपल्या ओळखीचा आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, १८९७ साली पुण्यात. ते सगळं आपण शाळेत शिकलो, रँडसकट. हाँगकाँगहून निघालेली तीच साथ बोटींमधून १९०० साली सॅन फ्रान्सिस्कोला उतरली. तिथल्या उंदरांवरून जमिनीवरच्या खारींमध्ये, आणि पिसवांबरोबर सरकत सरकत माळावर. मध्य आशियातल्या रानउंदरांना या जंतूची हजारो वर्षांची तोंडओळख असेल; प्रेअरी डॉगना काहीच नव्हती. वसाहतीत प्लेग शिरला की १०० तले ९० हून जास्त मरतात. तोंडाला तोंड लावणं, अंग चाटणं, एका खोलीत झोपणं, पिसवांना आणखी काय हवं. डेन्व्हरजवळच्या रॉकी माउंटन आर्सेनल अभयारण्याचा काही भाग २०१९ च्या उन्हाळ्यात याच कारणाने बंद ठेवला होता. आता बिळांत पिसवांची पावडर मारतात, आणि शेंगदाण्याच्या लोण्याचा वास लावलेल्या गोळ्यांतून प्लेगची लस खाऊ घालण्याचे प्रयोग झाले आहेत. प्लेगची पहिली लस हाफकिन यांनी १८९७ च्या जानेवारीत मुंबईत स्वतःला टोचून घेतली होती. परळवरून, म्हणजे त्यांच्या नावाच्या संस्थेजवळून, लोकल जाते तेव्हा आता मला हे प्राणी आठवतात.

बिळं गेली की त्यांत राहणारे बाकीचेही जातात. यांच्या सोडलेल्या बिळांत घुबडं अंडी घालतात. काळ्या पायांचा फेरेट, मुंगसासारखा लांबट शिकारी प्राणी, तर जगतोच यांना खाऊन आणि राहतोही यांच्याच घरात. तो संपला असं सगळे समजून चालले होते, आणि १९८१ साली वायोमिंगमधल्या एका कुत्र्याने एक मेलेला फेरेट मालकाच्या दारात आणून टाकला. त्यातून शोध लागून शेवटचे १८ पकडून पैदास केली. आज आर्सेनलमध्ये फेरेट पुन्हा सोडलेले आहेत. एकेकाळी तिथे रासायनिक शस्त्रांचा कारखाना होता, हे सांगूनही कोणाला खरं वाटत नाही.

आमच्या पार्किंगच्या प्लॉटवर मागच्या खेपेला बांधकामाचा फलक लागला होता. मारण्याऐवजी पकडून हलवता येतं, पण कोलोरॅडोत एका काउंटीतून दुसऱ्या काउंटीत न्यायचं तर तिथल्या काउंटी कमिशनरांची मंजुरी लागते, आणि ती सहसा कोणी देत नाही. हलवलंच तर अख्खी कुटुंबं एकत्र हलवावीत. तशी नेलेली कितीतरी जास्त तगतात, हे न्यू मेक्सिकोत तपासून झालेलं आहे. नव्या जागी आधी जेसीबीने चर खणून प्लास्टिकचा पन्हाळी पाइप आणि खाली एक खोका पुरतात, तेच त्यांचं तात्पुरतं घर. मी त्याचे आराखडे पाहिले. पाइपाची जी तोंडं वर आलेली दिसली ती सगळी जमिनीच्या सपाटीला. एक तोंड हातभर उंच करायला किती खर्च आला असता? मी इंग्रजीत चार ओळींचं पत्र लिहून, आकृती काढून एका संस्थेला पाठवलं आहे. लेकीने फक्त स्पेलिंग तपासलं.

डेन्व्हरला पोरांकडे जाणाऱ्यांसाठी: मे अखेर ते जून हे पिल्लं वर यायचे दिवस, सकाळी ऊन पडल्यावर जा. आर्सेनलमध्ये गाडीतूनच फिरता येतं, आम्ही गेलो तेव्हा तिकीट नव्हतं, गवेही दिसतात. खायला काही टाकू नका. घरचं कुत्रं बिळांजवळ नेऊ नका, पिसवा चढतात. दुर्बीण न्या, टोपी घट्ट बसणारी न्या, आणि ढीग बसका आहे की उंच ते आधी बघा.